दुकानातील नोंदींचा धनी कोण?

दुकानात गल्ल्याचा धनी असतो, किल्ल्यांचा धनी असतो, मालाचा धनी तर असतोच. परंतु दुकानातील नोंदींचा धनी कोण, असे विचारले तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, "ते पोरगा बघतो," किंवा "ते सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे." या उत्तरामागे व्यापाराचे किती नुकसान दडलेले असते, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. म्हणून या लेखात आम्ही हा विषय व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

मोठ्या किरकोळ विक्रीच्या संस्थांत या विषयाला 'डेटा गव्हर्नन्स' म्हणतात. आम्ही त्याला 'नोंदींचा कारभार' म्हणू. शब्द नवा असला तरी अर्थ सोपा आहे. माल कोणत्या नावाने लिहायचा? भाव कोणी बदलायचा? ग्राहकाचा फोन नंबर कोणी पाहायचा? चूक सापडली तर दुरुस्ती कोणी करायची? जुनी नोंद केव्हा काढून टाकायची? या पाच प्रश्नांची उत्तरे आधी ठरवून ठेवणे व रोज त्याप्रमाणे वागणे, म्हणजेच नोंदींचा कारभार. यात कॉम्प्युटरचा भाग थोडा आणि माणसाच्या शिस्तीचा भाग जास्त आहे.

जुन्या पेढीची शिस्त

कीर्द आणि खतावणीच्या काळात ही शिस्त आपोआप पाळली जात असे. वही एक, लिहिणारा हात एक. मुनीम किंवा दिवाणजी सोडून कोणी वहीला हात लावीत नसे. चूक झाली तर पान फाडायचे नाही, खोडून वर लिहायचे नाही. दुसरी नोंद करून चूक फिरवायची, अशी रीत होती. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने इमानाने लिहावे, ही शिकवण तर आमच्या वाचकांना मुळीच नवी नाही.

पुढे कॉम्प्युटर आला. त्यानंतर मोबाइल आला. आता बिल करणारा मुलगा नोंद करतो, गोदामातील माणूस नोंद करतो, मालक घरून फोनवर भाव बदलतो, पुतण्या व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतो. लिहिणारे हात एकाचे पाच झाले, मात्र पाच हातांना लागणारी शिस्त कोणी घालून दिली नाही. कॉम्प्युटर बेरीज चुकत नाही हे खरे. पण त्याला चुकीचे सांगितले तर तो चुकीची बेरीज अगदी बरोबर करून देतो.

कॅनडात काय घडले?

लहान दुकानातील चूक पाच-सात हजारांत निभावते. तीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली तर काय होते, याचे उदाहरण कॅनडात पाहायला मिळाले. 'टार्गेट' ही अमेरिकेतील फार मोठी किरकोळ विक्रीची कंपनी. कपडे, भांडी, खेळणी, किराणा असे सर्व एका छताखाली विकणारी. २०११ साली तिने कॅनडात उतरण्याचे ठरविले. 'झेलर्स' नावाच्या जुन्या दुकानांच्या जागांचे भाडेपट्टे तिने सुमारे १.८ अब्ज कॅनेडियन डॉलर देऊन घेतले. मार्च २०१३ मध्ये पहिली दुकाने उघडली आणि त्याच वर्षात दुकानांची संख्या १२४ वर गेली.

पुढे जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कॅनडातील सर्व १३३ दुकाने बंद करीत असल्याचे जाहीर केले. दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. सुमारे १७,६०० लोकांची नोकरी गेली. तोटा दोन अब्ज डॉलरहून अधिक झाला. अमेरिकेत अनेक दशके यशस्वी असलेल्या कंपनीची शेजारच्याच देशात अशी अवस्था व्हावी, याचे अनेकांना नवल वाटले.

कारणे अनेक होती. दुकाने फार घाईने उघडली गेली. भाव अमेरिकेपेक्षा जास्त वाटल्याने ग्राहक नाराज होते. परंतु 'कॅनेडियन बिझनेस' या नियतकालिकाने २०१६ मध्ये या प्रकरणाचा जो शोध घेतला, त्यात एक कारण ठळकपणे पुढे आले. ते म्हणजे मालाच्या नोंदी.

अमेरिकेतील दुकानांसाठी कंपनीची स्वतःची जुनी व्यवस्था होती व तिच्यातील नोंदी वर्षानुवर्षे तपासून पक्क्या झालेल्या होत्या. कॅनडासाठी नवी व्यवस्था घेतली. तिच्यात हजारो वस्तूंची माहिती नव्याने भरायची होती. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची, वजन, एका खोक्यात किती नग, नंबर काय, अशी ती माहिती. दुकाने उघडण्याची तारीख ठरलेली होती, त्यामुळे भरणाऱ्यांवर घाईचे दडपण होते. त्यांपैकी अनेकजण नवखे होते आणि पुरवठादाराने दिलेला आकडा बरोबर की चूक, हे विचारण्याचा अनुभव त्यांच्याजवळ नव्हता.

परिणाम काय झाला? कोठे सेंटिमीटरच्या जागी इंच लिहिले गेले. कोठे लांबीच्या जागी रुंदी गेली. कोठे जागा रिकामीच राहिली. मालाचे मापच चुकीचे, म्हणून मांडणीवर किती नग मावतील हा हिशेब चुकला. खोक्यातील नगांची संख्या चुकीची, म्हणून मागणी चुकली. एकीकडे गोदामे मालाने तुडुंब भरली आणि दुसरीकडे दुकानातील मांडण्या रिकाम्या दिसू लागल्या. नियतकालिकाने दिलेल्या माहितीप्रमाणे, अमेरिकेतील नोंदी शंभरात ९८-९९ बरोबर असत. कॅनडातील नोंदी शंभरात सुमारे ३० च बरोबर निघाल्या. पुढे नोंदी हाताने तपासून दुरुस्त करण्याची मोहीम काढावी लागली. पण एकदा रिकामी मांडणी पाहून परतलेला ग्राहक पुन्हा सहजासहजी येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कोणत्या वस्तू दुकानात शिल्लक आहेत, यावर काही कर्मचाऱ्यांचे काम जोखले जाई. माल संपला की त्यांचा आकडा खराब दिसे. त्यांच्यापैकी काहींच्या ध्यानात आले की, एखाद्या वस्तूची आपोआप मागणी जाण्याची सोय बंद करून ठेवली तर ती वस्तू 'संपलेली' म्हणून मोजलीच जात नाही. मग कागदावर सारे ठीक दिसे आणि मांडणीवर माल नसे. ज्याचे काम मोजायचे त्याच्याच हाती मोजमाप बदलण्याची मुभा ठेवली की हे होणारच.

हेच आपल्या दुकानात कसे घडते?

आमचे काही वाचक म्हणतील, कोठे कॅनडातील १३३ दुकाने आणि कोठे आमचे दोनशे फुटांचे दुकान! परंतु रोग एकच आहे. एक उदाहरण घेऊ.

समजा, एका कापडाच्या दुकानात ईदसाठी ४० मापाचे २४ पांढरे कुर्ते आले. माल उतरवून घेणाऱ्याने 'सफेद कुर्ता ४०' या नावाने २४ नग चढविले. बिल करणाऱ्या मुलाला ते नाव सापडले नाही, म्हणून त्याने 'कुर्ता पांढरा एल' असे नवे नाव तयार केले आणि त्यावर बिले फाडली. १५ कुर्ते विकले गेले. आता कॉम्प्युटर सांगतो, एका नावावर २४ शिल्लक आणि दुसऱ्या नावावर उणे १५. प्रत्यक्षात दांडीवर आहेत ९. मालकाने फोनवर पाहिले, २४ दिसले, नवी मागणी दिली नाही. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ज्या आठवड्यावर वर्षाची कमाई अवलंबून असते त्याच आठवड्यात, ४० मापाचा कुर्ता संपला. दुसऱ्या कुर्त्याच्या बाबतीत उलट झाले. असलेला माल कॉम्प्युटरला दिसला नाही, पुन्हा मागविला गेला आणि ईदनंतर भांडवल अडकून बसले. यात चोरी कोणी केली नाही, आळस कोणी केला नाही. एका मालाला दोन नावे पडली, एवढेच झाले.

दुसरे उदाहरण कराचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यांवर पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १२ टक्के असा दर होता. बदलानंतर २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के व त्यावर १८ टक्के झाला. करापूर्वीचा भाव १,८०० रुपये असलेल्या कुर्त्यावर पूर्वी २१६ रुपये कर लागे, तो ९० रुपयांवर आला. उलट ३,००० रुपयांच्या शेरवानीवर ३६० रुपयांचा कर ५४० रुपये झाला. ज्या दुकानात प्रत्येक मालाचा प्रकार नीट नोंदलेला होता, तेथे हा बदल एका संध्याकाळी झाला. जेथे एकाच मालाची तीन-तीन नावे होती, तेथे एक नाव सुधारले गेले आणि दोन जुन्याच दराने राहिली. मग एका ग्राहकाकडून कर जास्त घेतला जातो, दुसऱ्याकडून कमी. आणि कमी पडलेली रक्कम शेवटी दुकानदाराच्या खिशातून जाते.

नोंदींचा कारभार कसा बसवावा?

मोठ्या संस्था यासाठी समित्या नेमतात, जाडजूड नियमावल्या करतात. आपल्याला त्याची गरज नाही. दोन माणसांच्या दुकानापासून चार शाखांच्या पेढीपर्यंत पुढील आठ गोष्टी पुरेशा आहेत.

१) आधी यादी करा. आपल्या दुकानात नोंदी कोठे कोठे आहेत ते कागदावर लिहा. बिलाचा कॉम्प्युटर, उधारीची वही, मालकाचा मोबाइल, मुलाच्या मोबाइलवरील ग्राहकांची यादी, हिशेबनिसाकडील फाइल, टेलरकडील मापांची वही. यादी अपेक्षेपेक्षा लांब निघेल. एकच माहिती तीन ठिकाणी असल्याचेही दिसेल. त्यांपैकी खरी कोणती मानायची, ते त्याच वेळी ठरवा. दोन ठिकाणी फरक पडला तर कोणाचे ऐकायचे, हा वाद मग राहत नाही.

२) प्रत्येक नोंदीला एक धनी नेमा. मालाच्या नावांचा धनी एक, भावांचा धनी एक, उधारीचा एक, ग्राहकांच्या माहितीचा एक. एकच माणूस दोन-तीन गोष्टींचा धनी असू शकतो. मात्र एका गोष्टीचे दोन धनी नकोत. धनी म्हणजे सर्व नोंदी स्वतः लिहिणारा नव्हे. नोंद चुकली तर ज्याला विचारायचे आणि ज्याने दुरुस्त करायची, तो धनी.

३) एका मालाला एकच नाव व एकच नंबर द्या. नाव लिहिण्याचा क्रम ठरवा. उदाहरणार्थ, आधी वस्तू, मग कापड, मग रंग, मग माप: 'कुर्ता, सुती, पांढरा, ४०'. पॅकबंद मालावर बारकोड असतोच, तोच वापरावा. सुट्या मालाला आपला नंबर द्यावा. नवे नाव तयार करण्याचा अधिकार फक्त नावांच्या धन्याला असावा. बिल करताना माल सापडला नाही तर मुलाने नवे नाव न पाडता वहीत टिपून ठेवावे. आमच्या मते या एका नियमाने निम्मा गोंधळ मिटतो.

४) माल उतरताना दोन नजरा ठेवा. एकाने मोजावे, दुसऱ्याने पुरवठादाराच्या चलनाशी ताडून पाहावे. नग की डझन, मीटर की वार, हे दर वेळी पाहावे. चुकीची नोंद दारातच अडविणे सोपे असते. आत शिरल्यावर ती बिलात, साठ्यात, करात, वसुलीत पसरते.

५) बदलाची खूण ठेवा. भाव बदलला, सूट दिली, साठा कमी-जास्त केला, तर कोणी, केव्हा व का, हे राहिले पाहिजे. बिलाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाला वेगळे नाव व वेगळा पासवर्ड देण्याची सोय असते. तरीही अनेक दुकानांत सर्वजण मालकाच्याच नावाने काम करतात. मग चूक कोणाची ते कळत नाही आणि संशय मात्र सर्वांवर येतो. प्रामाणिक नोकराचे रक्षण करायचे असेल तर त्याला त्याचे स्वतःचे नाव द्या.

६) दर आठवड्याला थोडी मोजदाद करा. वर्षातून एकदा सारे दुकान मोजण्यापेक्षा दर आठवड्याला कोणत्याही २० वस्तू निवडून दांडीवरचा व कॉम्प्युटरमधला आकडा ताडून पाहा. किती जुळले ते वहीत लिहा. २० पैकी १२ जुळले, पुढच्या महिन्यात १६ जुळले, तर सुधारणा होते आहे. मोजणारा माणूस नोंद करणाऱ्याहून वेगळा असावा; कॅनडातील अनुभव विसरू नये. तसेच आकडा जुळला नाही म्हणून लगेच कोणाला रागावू नये. रागावल्यास पुढच्या वेळी आकडा जुळेल, परंतु तो कागदावरच जुळेल.

७) दुसरी प्रत ठेवा. दर आठवड्याला नोंदींची प्रत वेगळ्या ठिकाणी गेली पाहिजे. दुकानाला आग लागली, पाणी शिरले किंवा कॉम्प्युटर बिघडला तर उधारीचे काय, हा प्रश्न विचारा म्हणजे याचे महत्त्व पटेल. महिन्यातून एकदा ती प्रत उघडते की नाही तेही पाहावे. न उघडणारी प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच.

८) किती दिवस ठेवायचे ते ठरवा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, ठेवावी लागतात. ती ठेवलीच पाहिजेत. मात्र सहा वर्षांपूर्वीच्या लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांवरील फोन नंबर ठेवण्याचे काही कारण नाही. उपयोग संपलेली माहिती पडून राहिली तर ती फायद्याची नसते, जोखमीचीच असते.

ग्राहकाची माहिती ही अमानत आहे

आतापर्यंत आपण मालाच्या नोंदींचा विचार केला. ग्राहकाच्या माहितीचा प्रश्न याहून नाजूक आहे. माल आपला असतो. ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन नंबर, उधारी ही त्याची वस्तू आहे आणि ती आपल्याकडे ठेवायला दिलेली आहे. आपल्या भाषेत याला अमानत म्हणतात.

येथेही त्याच टार्गेट कंपनीचे उदाहरण घेता येईल. २०१३ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऐन खरेदीच्या दिवसांत, तिच्या अमेरिकेतील दुकानांतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. शिवाय सुमारे ७ कोटी ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर यांसारखी माहितीही गेली. चोर आत शिरले कसे? दुकानांतील रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या एका ठेकेदाराला कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्यासाठी पासवर्ड दिलेला होता. चोरांनी तो त्याच्याकडून पळविला आणि त्या वाटेने आत शिरून पुढे पैसे घेण्याच्या काउंटरपर्यंत मजल मारली. २०१७ साली कंपनीला अमेरिकेतील ४७ राज्यांशी १ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. इतर खर्च व गेलेला विश्वास वेगळाच.

आपल्याकडेही कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सॉफ्टवेअरवाला, जुना नोकर यांच्याकडे आपले पासवर्ड असतात. नोकर सोडून जातो, पासवर्ड तोच राहतो. दुरुस्तीला आलेला माणूस 'दूरून बघतो' म्हणून वाट उघडून ठेवतो आणि ती महिनोन्‌महिने उघडीच राहते. काम संपताच वाट बंद करणे व माणूस जाताच पासवर्ड बदलणे, हा नियम आजच घालावा.

कायदा काय म्हणतो?

भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवसायांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्या नियमांत १८ महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत दिली आहे. हा कायदा डिजिटल स्वरूपातील माहितीला लागू होतो. कागदावरची उधारीची वही त्यात येत नाही. पण तीच वही मोबाइलमध्ये चढविली की येते. दुकानदाराने समजून घ्यावेत असे त्यातील मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

पहिला मुद्दा हेतूचा. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. कायद्यातच औषधाच्या दुकानाचे उदाहरण दिले आहे. ग्राहकाने पावती मोबाइलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर दिला, तर पावती पाठविण्यासाठी तो वापरता येतो. त्याच नंबरावर रोज सेलचे संदेश पाठविणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी वेगळी संमती हवी. नंबर दिल्याशिवाय बिलच करणार नाही, असा आग्रह धरणे चुकीचे आहे, हे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळविले होते.

दुसरा मुद्दा ग्राहकाच्या हक्कांचा. आपली कोणती माहिती आहे हे विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा, संमती मागे घेण्याचा व माहिती पुसून घेण्याचा हक्क त्याला आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना ग्राहकाला मराठीत किंवा उर्दूतही वाचता आली पाहिजे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत ती मिळण्याची सोय कायद्याने सांगितली आहे.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. माहिती सांभाळण्याची जबाबदारी दुकानदाराची. सॉफ्टवेअरवाल्याच्या हातून चूक झाली तरी ग्राहकापुढे जबाब दुकानदारालाच द्यावा लागतो. माहिती फुटली तर संबंधित ग्राहकांना व डेटा संरक्षण मंडळाला कळवावे लागते. मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यायचा आहे. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा वाचून लहान दुकानदाराने घाबरून जाण्याचे कारण नाही. दंड ठरविताना कसुरीचे स्वरूप व गांभीर्य पाहिले जाते. परंतु 'आम्हाला ठाऊक नव्हते' हे उत्तर चालणार नाही.

चौथा मुद्दा मुलांचा. १८ वर्षांखालील मुलांची माहिती ठेवायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. शाळेचे गणवेश, बूट, खेळणी विकणाऱ्यांनी शक्यतो मुलाचे नाव न लिहिता पालकांच्या नावाने बिल करावे, म्हणजे प्रश्नच उद्भवत नाही.

कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. मोहल्ल्यातील उधारीची यादी हा सर्वांत नाजूक कागद असतो. कोणाकडे किती थकले, हे चार लोकांसमोर बोलले गेले किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चुकून गेले, तर एका कुटुंबाची अब्रू जाते. ते कुटुंब उधारी फेडील, पण पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही.

कारागिरांसाठी चार शब्द

आपल्याला कोठे दुकान आहे, असे म्हणून कारागीर बांधवांनी हा विषय सोडून देऊ नये. चामड्याच्या बॅगा, चपला, तयार कपडे, जरीकाम करणारे अनेकजण आज मोठ्या दुकानांना किंवा इंटरनेटवरील बाजाराला थेट माल देतात. तेथे मालाच्या आधी मालाची माहिती जाते. १२ इंची बॅग सुमारे साडेतीस सेंटिमीटर होते. सेंटिमीटरच्या रकान्यात १२ लिहिले, तर ग्राहकाला वाटेल ही हातात धरायची लहान पर्स आहे. माल परत येतो, जाण्या-येण्याचे भाडे अंगावर पडते आणि नावाला कमीपणा येतो. म्हणून प्रत्येक नमुन्याची एक पक्की चिठ्ठी करावी. लांबी, रुंदी, उंची याच क्रमाने, टेपने मोजून, एकाच मापात. बाहेरचे चामडे, अस्तर, रंग, वजन, एका खोक्यात किती नग. तीच चिठ्ठी सर्वांना द्यावी, तोंडी सांगू नये.

मजुरीच्या नोंदीलाही हाच नियम लावावा. नगावर काम करणाऱ्या कारागिराची व घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनीची नोंद कारखानदाराच्या एकट्याच्या वहीत असते. महिनाअखेर ९० नग की ११० नग, असा वाद झाला की ज्याच्याकडे वही त्याचेच खरे ठरते. त्यासाठी दोन सारख्या वह्या ठेवाव्यात, एक देणाऱ्याकडे व एक घेणाऱ्याकडे, आणि दर खेपेला दोन्हींत सही व्हावी. मजुराचा हक्क व मालकाचे नाव, दोन्ही त्याने सुरक्षित राहतात.

सुरुवात कोठून करावी?

हे सर्व एका दिवसात होणार नाही, आणि सर्व एकदम करू पाहणारा काहीच पुरे करीत नाही. आमची सूचना अशी आहे. पहिल्या आठवड्यात फक्त यादी करा व धनी नेमा. दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त खपणाऱ्या ५० वस्तूंची नावे एकसारखी करा. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड द्या आणि जुन्या लोकांचे बंद करा. चौथ्या आठवड्यात २० वस्तूंची पहिली मोजदाद करा. खर्च म्हणाल तर एक वही, एक पेन आणि रोजची पंधरा मिनिटे. नवे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार त्यानंतर करावा. घाण पाणी नव्या हंड्यात ओतल्याने स्वच्छ होत नाही. नोंदींचेही तसेच आहे.

मोठ्या भांडवलाच्या दुकानांशी आपली स्पर्धा आहे. त्यांच्याइतका माल आपण भरू शकत नाही, त्यांच्याइतकी सूट देऊ शकत नाही. परंतु आपल्या दुकानातील प्रत्येक नग कोठे आहे हे जाणणे, एकदा सांगितलेला भाव बिलात तोच असणे, ग्राहकाची गोष्ट दुकानाबाहेर न जाणे, या बाबतीत लहान दुकानदार मोठ्याच्या पुढे जाऊ शकतो, कारण त्याचे डोळे व हात दुकानातच असतात. त्यासाठी फक्त एवढेच हवे की, "ही नोंद कोणाची?" असे विचारल्यावर दुकानातील एका माणसाने पुढे होऊन "माझी" म्हणावे.